झऱ्याच्या पाण्याचा थेंब

महाडच्या दवाखान्यात आत्ता फरशी पुसली नि जंतू मारायला विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरचा वास आला. त्या वासापायीच आमच्या घरात विहीर सोडून झऱ्याचं पाणी पितात, माझ्या बाळीलाही तेच पाजलं, नि कालपासून तिचे जुलाब थांबत नायत.

त्या पाण्यावरनं पोलादपूरची शाळा आठवली, आठवीचा वर्ग. बाईंनी असाच झऱ्याचा थेंब काचेवर ठेवून मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला. आत बारीक बारीक कायतरी सुळसुळ पळत होतं. बाई म्हणाल्या, "अशाच एका पेशीपासून सगळे जीव झाले, आपणसुद्धा."

मागनं सुमी ओरडली, "म्हंजे हे आपलं पूर्वज! पितरांना वाढतो तसं यांना पण पान वाढा गो!"

बाईंसकट सगळा वर्ग हसला. मला तर ते जीव इतके गोड वाटले, डोळा काढवत नव्हता.

आता तसलेच बाळीच्या पोटात असतील, एकाचे दोन, दोनाचे चार होत असतील, असंच डोक्यात फिरतंय.

नर्सबाईंनी मीठ-साखरेचं पाणी हातात दिलं. "उकळलेलं हाय गो, पाज पटपट."

मी आधी स्वतः घोट घेतला, मग चमचा बाळीच्या ओठांना लावला. ती अजून गिळत नाय.