शेवाळलेली होडी आणि दोन मोटरी

मोटर सुरू झाली, पंखा फिरला, पाण्याला फेस आला आणि होडी जेमतेम सरकू लागली. काठाने एक म्हैस चालली होती, ती आमच्या पुढे निघून गेली. काठावर कंपनीचे लिमयेसाहेब उभे होते. त्यांनी खिशातून घड्याळ काढून पाहिलं आणि परत ठेवलं. मी होडीतच होते, मला ते दिसलं.

"हिच्यात दम नाय, साहेब," महादू मिस्त्री म्हणाला. "मी पयल्यापासनं सांगतोय. मोठी घ्या."

साहेब म्हणाले, "मोठी लाव."

हे कशाबद्दल चाललं होतं ते सांगते. आमचे मालक, म्हणजे आमचे हे, कंपनीच्या तलावावर नावाडी होते. तलाव चौक आणि खालापूरच्या मधे, डोंगराच्या पायाशी. पाणी कारखान्यासाठी. पण कंपनीचे मोठे लोक मुंबईहून मासे धरायला येत. जाळ्याने नाही, गळाने. होडी अगदी हळू चालवत ठेवायची, मागे लांब दोरी सोडायची, आणि दोरीच्या टोकाला पितळेचं चमच्याएवढं चकचकीत आमिष. होडी चालली की आमिष पाण्याखाली लहान माशासारखं डुलतं आणि मोठा मासा त्याच्यावर झडप घालतो. सगळी करामत होडीच्या चालीत. फार हळू झाली तर आमिष तळाला बसतं, फार जोरात झाली तर पाण्यावर येऊन उड्या मारतं.

ही चाल वल्ह्याने आमचे मालक उत्तम राखत. पण आदल्या पावसाळ्यात बंधाऱ्याच्या पायऱ्यांवरून ते पडले आणि डावा खांदा कायमचा गेला. तेव्हापासून वल्हं मी मारत होते. कागदावर नावाडी ते, होडीत मी. सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. मीही होडीत पदर ओढून, पाठ फिरवून बसे. पाहुण्यांशी बोलायची वेळ माझ्यावर येत नसे, आणि आली असती तर मला जमलं नसतं.

पण दोन जाडजूड पाहुणे घेऊन सकाळभर वल्हं मारणं मला झेपेना. एकदा वाऱ्याने होडी ओढून सरळ गवतात नेली. त्यावर साहेबांनी ठरवलं, होडीला मोटर बसवायची. पेट्रोलची नको, तिच्या आवाजाने मासा पळतो, शिवाय पेट्रोल रेशनवर. बॅटरीवरची हवी. नुकतीच लढाई संपली होती आणि लष्कराचा माल लिलावात निघत होता. चौकला मुंबई-पुणे रस्त्यावर महादू मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्याने त्या मालातून दोन मोटरी आणल्या. एक लहान, अमेरिकेची, होडीसाठीच बनवलेली. होडीच्या मागच्या फळीला स्क्रूने आवळायची, दांडा पाण्यात, खाली पंखा. एका बॅटरीवर चालणारी. दुसरी मोठी. ती कुठल्या रणगाड्यातली होती म्हणे. तिला मिस्त्रीने स्वतः दांडा आणि पंखा जोडला होता. तिला चार बॅटऱ्या लागत.

आता चार बॅटऱ्या म्हणजे काय, ते बघा. लॉरीची एक बॅटरी दोघांनी बांबूला टांगून न्यायची. चार होडीत ठेवल्या की एका माणसाची जागा गेली. तारा जोडायला, तापल्या तर बंद करायला जाणता माणूस हवा. "माझा माणूस देतो ना," मिस्त्री म्हणाला होता. म्हणजे होडीत मिस्त्रीचा माणूस आणि एक पाहुणा. साहेबांनी मग ह्यांना सरळ विचारलं होतं, "गोविंदा, मोठी मोटर आली तर नावाड्याचं काम काय राहील रे?" काम गेलं की तलावाकाठची खोली गेली. एका हाताच्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार होतं? म्हणून आमच्यासाठी लहान मोटर चालायलाच हवी होती. आणि ती म्हशीला हरली होती.

मोठी लावली. ती उसळलीच. साहेब स्वतः बसले होते, त्यांची टोपी उडाली. परत आले तेव्हा खूश होते. मागे सोडलेलं आमिष मात्र सगळा वेळ पाण्यावर टपटप उड्या मारत होतं. ते त्यांनी पाहिलं नाही, कारण त्यांचं तोंड पुढे होतं. मी काठावरून पाहिलं.

"ही छोटी उद्या घेऊन जा, मिस्त्री," साहेब म्हणाले.

होडी काठाला लावायला मी गुडघाभर पाण्यात उतरले होते. होडीला खालून ढकलायला हात घातला आणि बोटं शेवाळात रुतली. बकरीच्या अंगावर असतात तसे केस, बोटाएवढे लांब. मी हात काढून बघितला. मग जे तोंडातून निघालं ते माझं मलाच नवल वाटलं.

"साहेब, सोमवारपर्यंत लहान मोटर राहू द्या."

साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "का?"

का ते मला तेव्हा नीट सांगता येईना. "राहू द्या," एवढंच मी परत म्हणाले.

"सोमवारी पाहुण्यांसाठी शेवटचं ठरवायचंय. सकाळी नऊ वाजता," साहेब म्हणाले आणि गेले. मिस्त्री हसत होता. "वैनी, रविवारी उपास करून मोटर ताकदवान व्हत नाय."

तो गेल्यावर मी घरातून मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा आणला. वर कडी, खाली आकडा, मधल्या पट्टीवर रत्तल लिहिलेले. आकड्याला मासा लावला की वजन कळतं. पण मासाच कशाला, काहीही ओढलं तरी तो ओढ दाखवतो. चौथीपर्यंत शिकले होते, पट्टीवरचे आकडे आणि त्यांच्यामधल्या रेघा मला वाचता येत.

होडी मागून दोरीने खुंटाला बांधली, मधे काटा. लहान मोटर पूर्ण सोडली. काटा साडेनऊ रत्तलांवर थांबला. तेवढी तिची ओढ. मग मोटर बंद केली, काटा होडीच्या नाकाला लावला, त्याला दोरी बांधली आणि दोरीचं टोक ह्यांच्या उजव्या हातात दिलं.

"काठाने चाला. पाहुणे असताना होडी चालते त्या चालीने."

"मी काय बैल हाय?"

"चाला तं खरं."

हे चालले. माझ्याशिवाय दोन पाहुण्यांच्या वजनाचे दगड मी होडीत भरले होते. काटा बारावर. मोटर ओढणार साडेनऊ, होडीला हवे बारा. मोटरचा दोष नव्हता. वल्हं मारताना आम्हाला हे कधी कळलंच नाही. शेवाळ रोज थोडं वाढतं, हातही रोज थोडा जास्त जोर लावतो. मी म्हणत होते मला झेपत नाही, पण मी बाई म्हणून झेपत नाही असंच मला वाटे.

मी ह्यांना म्हटलं, "होडी बाहेर काढायची. पालथी घालून खरवडायची."

"नारळी पुनवेला."

"उद्याच."

त्यांचा चेहरा उतरला. आमच्या घराची रीत अशी, की होडी वर्षातून एकदाच पालथी घालायची, नारळी पौर्णिमेच्या आधी, खरवडून तेल द्यायला. एरवी दारात पालथी होडी म्हणजे घरातला कर्ता माणूस गेला. गेल्या श्रावणात खांदा ताजा होता, म्हणून होडी वर काढलीच नव्हती. दीड वर्षाचं शेवाळ होतं ते.

"माझा बा गेला तवा पालथी घातली हुती," हे म्हणाले. "मी अजून जिता हाय. हात गेला म्हून मेलो नाय."

"कोन म्हनतंय?"

"समदा गाव म्हनल. लोधिवलीपरेंत बोभाटा व्हईल."

त्यांच्याशी ह्या गोष्टीवर भांडण्यात अर्थ नव्हता. खोली जाईल ह्याची मला जेवढी भीती होती, तेवढीच त्यांना त्या पालथ्या होडीची. मी होडीतले दगड काढायला लागले. मग म्हटलं, "पालथी नाय घालत. कुशीवर घालते."

"कुशीवर?"

"माणूस झोपतो तशी. उद्या एका अंगावर, परवा दुसऱ्या. झोपलेल्याला कोन मेला म्हनतं?"

ह्यांनी वाकून होडीच्या फळ्या चाचपल्या. मग म्हणाले, "आधी डाव्या कुशीवर घाल. उजवीकडची फळी कच्ची हाय, ती सुकल्याबिगर तिच्यावर भार नको."

शुक्रवारी सकाळी होडी उथळ पाण्यात आणून, खाली पेंढा आणि लाकडं देऊन, डाव्या कुशीवर टेकवली. नारळाच्या करवंटीने खरवडायला बसले. पत्रा वापरला तर फळ्यांच्या सांध्यातलं डांबर निघतं, म्हणून करवंटी. दुपारी बघते तर हेही शेजारी बसलेले, उजव्या हाताने खरवडत. मला म्हणाले, "तुला सांधा कळत नाय. बाजूला सर." शनिवारी होडी उलट्या कुशीवर. दोन्ही अंगं उन्हात सुकवून करंजेल दिलं. शेवाळ एवढं निघालं की तीन पाट्या भरल्या.

रविवारी संध्याकाळी परत काटा. दगड तेवढेच, माणसं तीच, चाल तीच. सहा रत्तल.

मी तो आकडा तीनदा वाचला. मग काठावर येऊन पट्टीवरची ती रेघ ह्यांना दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी काटा हातात घेऊन बराच वेळ बघितला.

सोमवारी साहेब नऊला आले, मिस्त्री त्यांच्या मागे. मी ह्यांना पढवून ठेवलं होतं काय बोलायचं ते. पण साहेब समोर आल्यावर हे एवढंच म्हणाले, "साहेब, हिचं ऐका." आणि मागे सरले. मग मलाच बोलावं लागलं. मी काट्याकडे बघत बोलले, म्हणजे साहेबांकडे बघावं लागलं नाही.

"मोटर साडेनऊ ओढते. होडीला सहा लागतात. आधी बारा लागत होते."

"काटा घरचा," मिस्त्री म्हणाला. "त्याच्यावर मासा नेहमीच जास्त भरतो, साहेब. बाजारात ईचारा."

साहेब हसले. माझे कान तापले. "मग काटा तुमचा आणा, मिस्त्री," मी म्हटलं. "नायतर साहेबांनीच दोरी ओढावी."

आणि साहेबांनी खरंच बूट काढले. धोतर वर खोचून त्यांनी काठाने दोरी ओढली आणि मिस्त्रीला त्याच दगडांसकट होडीत बसवून आकडा वाचायला लावला. मिस्त्रीने दोनदा वाचला. "सहा. साडेसहा धरा," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, हे त्याचं कबूल केलं पाहिजे.

मग दगड काढले, लहान मोटर लावली आणि साहेब, मिस्त्री आणि मी बंधाऱ्यापर्यंत गेलो. साहेबांनी दोरी सोडली. ह्या वेळी त्यांचं तोंड मागे होतं. आमिष पाण्याखाली हातभर खोल, एकसारखं डुलत येत होतं. येताना वारा समोरून होता. होडी हळू झाली, पण थांबली नाही. मासा लागला नाही. लागला असता तर सांगायला बरं झालं असतं.

"चार्ज किती वेळ टिकेल?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्रीने डोकं खाजवलं. "हिचा तीन तास तरी. मोठीचा तासाभरात संपतो."

"हे गुरुवारी का नाही सांगितलंत?"

"तुमी ईचारलं नाय, साहेब."

लहान मोटर ठेवली. मोठी मिस्त्री घेऊन गेला. बॅटरी रोज संध्याकाळी कारखान्याच्या पंपघरात चार्ज करायची, असा हुकूम निघाला. कागदावर नावाडी म्हणून ह्यांचंच नाव राहिलं आणि खोलीही राहिली. साहेबांनी त्या कागदात खाली एक ओळ जास्त घातली होती, ती मीच ह्यांना वाचून दाखवली: दर दोन महिन्यांनी होडी बाहेर काढून साफ करणे. ह्यांनी विचारलं, पालथी घालून असं लिहिलंय का? मी म्हटलं, कशी ते लिहिलेलं नाही.

मोटर घ्यायची असेल त्याने आधी दोरी आणि काटा घेऊन होडी ओढून बघावी. ओढ जास्त भरली, तर दुकानात जायच्या आधी होडीच्या पोटाखाली हात घालावा.