फुटक्या मडक्यावरची लांब रोटी

दुर्गेशने मडकं हलवलं ते फक्त स्कूटर सावलीत लावावी म्हणून. मौद्याच्या वीज केंद्रात अवजड यंत्रं हाताळणाऱ्या माणसाने मडकं काठाला धरून उचलावं, हे काही शोभलं नाही. काठ त्याच्या हातात बांगडीसारखा राहिला आणि बाकीचं मडकं यमुमावशीच्या अंगणात धप्पकन बसलं.

पाण्याचं मडकं असतं तर खपून गेलं असतं. हे लांब रोटीचं होतं. चुलीवर पालथं घालायचं, खालून जाळ करायचा आणि पाठीवर हातभर रोटी पसरून भाजायची. वर्षानुवर्षं तापून त्याची पाठ अशी गुळगुळीत झाली होती की रोटी चिकटायचीच नाही. आणि आज दुपारी मावशीची थोरली बहीण कुसुमावती उमरेडहून जेवायला येणार होती.

सक्करदऱ्यातल्या या मावशीने शिवणकामावर घर चालवलं, दोन मुली उजवल्या, गुडघा बदलताना उलट डॉक्टरलाच धीर दिला. पण कुसुमावती समोर आली की तिची परत लहानगी यमी व्हायची.

दोघींचं माहेर कोष्ट्याचं. रविवारी माग बंद आणि सगळे चुलीपाशी. आई रोटी टाकायची, कुसुम कणीक आपटायची, बाप जाळ सांभाळायचा. यमीकडे पाण्यात मीठ विरघळवण्याचं खातं. एका रविवारी तिने हट्टाने रोटी टाकली आणि ती मडक्यावर मधोमध फाटली. बाप पडला विणकर. तुटलं की सांधायचं, एवढंच त्या बोटांना ठाऊक. त्याने अंगठा ओला केला आणि धागा जोडावा तशी तापल्या मडक्यावर रोटीची दोन टोकं पिळायला घेतली. बोटं भाजली, माग आठवडाभर गप्प.

"यमीच्या रोटीनं माग बंद पाडला," हे वाक्य कुसुमावतीने तेव्हापासून लग्नात ऐकवलं, बारशात ऐकवलं, एकदा तर कुणाच्या तेराव्यालाही. आज तिला न फाटलेली रोटी वाढायचीच, असं यमुमावशीने ठरवलं होतं.

"मावशी, चौकातून रोट्या आणतो ना," दुर्गेश काठ हातात धरूनच म्हणाला.

"त्या तू खा. आधी चिखल कालव."

तिने उरलेलं मडकं चुलीवर पालथं घातलं, फटी चिखलाने लिंपल्या आणि सैल कणीक परातीत अशी आपटायला घेतली की शेजारची रितिका कोण कोणाला मारून राहिलं ते पाहायला गच्चीवर आली.

तेवढ्यात कुसुमावती पोचली. खुर्ची ओढून चुलीसमोरच बसली.

"फुटकं मडकं काहून मांडलं वं यमे? धड भेटलं नाही का?"

दुर्गेश जमिनीकडे पाहू लागला.

"मले चालते," मावशी म्हणाली.

पहिली रोटी फाटली.

"पाहा! अजून तशीच हाये तू. आता बोटं कोणाची भाजतं?"

मावशीने रोटी दुर्गेशच्या ताटात टाकली. पुढची काठाला चिरली. तीही त्याच्याच ताटात.

"मावशी, बस कर ना. पोट भरलं माझं."

"गप जेव."

तिने पुन्हा कणीक आपटली. मग गोळा दोन्ही हातांवर घेतला, फिरवत फिरवत कोपरापर्यंत ताणला; ओल्या ओढणीसारखा तो पातळ होत गेला, पलीकडचा जाळ त्यातून दिसू लागला. एका झोक्यात तिने तो मडक्यावर टाकला. रोटी फुगली, तांबूस झाली, आणि अखंड सुटून आली.

मावशीने ती कुसुमावतीच्या ताटात ठेवली, वर रस्सा ओतला. कुसुमावतीने घास घेतला. बराच वेळ चावला.

"रस्सा पानचट हाये," ती म्हणाली.

मावशी चुलीकडे वळली. एकेक अखंड रोटी त्या ताटात जात राहिली. घामाने तिचा पदर भिजला, तरी हात थांबेना. शेवटी दुर्गेशला राहवेना. तो तिच्या कानाशी वाकला.

"मावशी, मोठी मावशी तं रोटी चांगली म्हणतच नाही. तू काहून एवढी मरून राहिली?"

"थे तिसरी खाऊन राहिली, आंधळ्या."