तेल लावलेली वायर

सुजाताचा फोन आला तेव्हा मी अंगणात स्कूटर सुरू करायची खटपट करत होतो. "गुरुजी, आबा गेले," एवढंच ती म्हणाली. तिचे आबा म्हणजे सुदाम मिस्त्री, माझा वर्गमित्र. औंढ्याच्या रस्त्याला करंजाच्या झाडाखाली त्याचं दुचाकीचं गॅरेज. सकाळी शटर वर करायला वाकला, तो तिथेच बसला... पुन्हा उठला नाही. मी फोन खिशात टाकला आणि खुळ्यासारखा परत किक मारत राहिलो. स्कूटर बिघडली की सुदामकडे ढकलत न्यायची, यापलीकडे काही शिकायची गरज मला कधी पडलीच नव्हती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारासमोर पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो त्याची आठवण सांगत होता. एक जण म्हणाला, "मिस्त्री देवमाणूस, पन जुनी क्लचवायर मागितली की लय भडकायचा. समोर बसून तिचे बोटभर तुकडे करायचा आन् म्हनायचा, ने आता." सगळे हसले, डोळे पुसत हसले. मग माझं नाव पुकारलं. जन्मभर फळ्यासमोर बोललेला माणूस मी. शाळेतल्या दोन गमती सांगितल्या, त्याच्या हाताला यश होतं म्हणालो आणि खाली बसलो. तो वायरी का तोडायचा, हे त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं. सव्वा महिना झाला, घास गोड लागत नाही, म्हणून आज लिहायला बसलोय.

मी मास्तर झालो त्या दिवसापासून सुदामने माझं नाव टाकून मला गुरुजी म्हणायला सुरुवात केली, पण अरे-तुरे काही सोडलं नाही. "गुरुजी, तुला पाना धरता येईना, पोरांस्नी काय शिकवतो?" हे त्याचं ठरलेलं. त्याची एक खोड होती. फुकट दिलेली वस्तूसुद्धा तो नीट करून द्यायचा. गंजलेला नट मागा, घासून देईल. तुटकी साखळी मागा, धुऊन, पुसून, तेल लावून कागदात गुंडाळून देईल. मी हसायचो. म्हणायचो, भंगाराला कसला एवढा साज?

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी माझं भात चांगलं पोसलं होतं. दसऱ्याच्या आधी एका सकाळी जाऊन पाहतो तर अर्धं शेत रानडुकरांनी लोळवलेलं. पंचनामा होईपर्यंत उरलेलंही आडवं झालं. राग असा आला की डोक्यात दुसरं काही राहिना. शेजारच्या वाडीतला एक ओळखीचा बांधावर आला आणि म्हणाला, "गुरुजी, क्लचच्या वायरीचा फासा लावा. समदेच लावत्यात. आन् डुक्कर घावलं तर मला सांगा, शहरवाल्यांच्या बंगल्यावर शनिवारच्या पार्टीला लागतं." हा गुन्हा आहे हे मला माहीत होतं. वर्गात मुलांना मुक्या जिवांचे धडे शिकवणारा मी, त्या संध्याकाळी सुदामच्या गॅरेजात जाऊन उभा राहिलो.

खरं सांगितलं असतं तर त्याने दिल्या नसत्या. म्हणून म्हणालो, "चार जुन्या वायरी दे, कारल्याचा मांडव घालायचाय." त्याला कोण आनंद झाला. "तू आन् मांडव? कारली मला पयल्यांदा द्यायची." मग बसला वायरी निवडायला. गंजलेल्या बाजूला काढल्या, चांगल्या चार घेतल्या, सरळ केल्या आणि चिंधी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत तेल लावलं. मी समोर उभा राहून पाहत होतो. फासा जितका गुळगुळीत तितका पटकन आवळतो, हे मला तोवर कळलेलं होतं. तरी मी त्याचा हात धरला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाशात डुक्कर नव्हतं, भेकर होतं. हरणाच्या जातीतली मादी. मागचा पाय हाडापर्यंत कापला गेला होता, आणि ती अजून जिवंत होती. मी बांधावर नुसता उभा. तेवढ्यात मागून सुदामची हाक आली. मांडवाला कमी पडतील म्हणून आणखी दोन वायरी घेऊन आला होता तो, कागदात गुंडाळून... त्याने एकदा भेकराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. गुडघ्यावर बसून खिशातल्या पकडीने वायर सोडवायला लागला. बोटं तेलाने सारखी निसटत होती. वायर सुटली, भेकर तीन पावलं चाललं, पडलं आणि मेलं. तिची आचळं दुधाने भरलेली होती. सुदाम तिथेच बसून राहिला. बोटं मातीत पुसत म्हणाला, "तेल मीच लावलं व्हतं रं."

तो वाडीतला माणूस वास लागल्यासारखा हजर झालाच. म्हणाला, डुक्कर न्हाई तर न्हाई, याला जास्त मागणी हाय. सुदामने त्याला हाकलून लावलं आणि माझ्याच फावड्याने खड्डा खणला. मी हात जोडले, म्हणालो, बाहेर कळलं तर नोकरी जाईल. त्याने मान डोलावली आणि खरोखर मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. पुढे कितीतरी दिवस वरच्या रानातून दुसरं एक भेकर भुंकायचं. मी खिडकी लावून घ्यायचो. पिल्लाचं काय झालं असेल ते सांगायला नकोच. आता तर त्या रानात भेकराचा आवाजच येत नाही. फासे काही मी एकट्याने लावले नव्हते. पण ती ज्यात अडकली, तो मी लावला होता.

त्या दिवसापासून सुदामच्या गॅरेजातून अख्खी वायर बाहेर गेली नाही. लोक चिडले, गिऱ्हाइकं तुटली. "दुसरीकडनं आणीन," कुणी म्हणालं की तो म्हणायचा, "आन की. माज्या हातची न्हाई." भात पोसायला लागलं की रविवारी कटर घेऊन रानाकडेचे बांध फिरायचा, फासे तोडायचा. पहिली काही वर्षं मी काहीतरी निमित्त काढून टाळलं. नंतर गेलो सोबत, खाली मान घालून. त्या सकाळबद्दल त्याने मला एका शब्दाने टोचलं नाही. फक्त माझ्या स्कूटरची वायर बदलली की जुनी वायर पुसून माझ्यासमोर ठेवायचा आणि कटर हातात द्यायचा. मी तोडायचो. तुकडे एका पत्र्याच्या डब्यात पडायचे. मग चहा.

गेल्या आठवड्यात स्कूटर पुन्हा अडली. गॅरेज आता सुजाता चालवते, हात बापाचाच आहे. तिने वायर बदलली, जुनी चिंधीने पुसली आणि डबा, कटर माझ्यापुढे ठेवला. "गुरुजींची वायर गुरुजीच तोडत्यात, असं आबा म्हणायचे. का ते न्हाई सांगितलं कधी. मला वाटायचं, तुमाला आवडतं."

मी स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हातातली चिंधी पिळत. मी विचारलं, हे लिहू का? तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "लिवा. पन आबांचं काय चुकलं असं लिवू नका."

नाही लिहिणार, सुजाता. त्याने वायरी कारल्यासाठी दिल्या होत्या. मांडव मी अजून घातलेला नाही.