इंटरकूलर बसेपर्यंत

हातातला पाना खाली ठेवून, दोन्ही हात लुंगीला पुसत ड्रायव्हरमामा विचारायचे, "घाय कित्याक, बाय?" आणि घाई कशाला याच्या उत्तराची वाट न बघता पुन्हा बॉनेटखाली शिरायचे. तुमच्याही शेजारात असं माणूस असेल, ज्याला मदतीला बोलवावं लागत नाही आणि मदत संपली तरी जे जात नाही.

डिचोलीतल्या आमच्या घरामागच्या खोलीत ते एकटेच राहायचे. मूळचे दोडामार्गाकडचे. उभा जन्म खाणीच्या ट्रकवर गेला. खाणी थांबल्या तसा ट्रकही गेला. मी अंगणात वडिलांची जुनी जीप उघडून बसले, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मला वेड्यात काढलं. मामा तेवढे पोदेराच्या भट्टीतले गरम उंडे पाव घेऊन आले आणि स्टूल ओढून बसले. म्हणाले, जीप झाली की मला एकदा आक्काकडे ने. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आईमागे तिनेच त्यांना वाढवलेलं. ती डोंगरावरच्या वाडीत राहायची आणि मामांच्या गुडघ्यांना शेवटचा दगडी चढ झेपत नव्हता.

जीप सुरू झाली. एका पिकअपचं टर्बो इंजिन बसवलं होतं, आवाज झकास. म्हटलं, मामा, येत्या रविवारी आक्काकडे. तर हे जीपभोवती फेरी मारून म्हणतात, इंटरकूलर कुठाय? टर्बोतून निघणारी गरम हवा थंड करून इंजिनात सोडणारी जाळी ती. तिच्यावाचून चढावर जायचं नाही म्हणजे नाही. म्हाताऱ्याचा हट्ट! मी म्हापशाहून एक जुना इंटरकूलर आणला.

मग काय विचारता. रेडिएटरपुढे बसवला तर मामांना तो वाकडा दिसला. सरळ केला तर म्हणे रेडिएटरला हवा मिळणार नाही. पाइप बॅटरीला घासतो म्हणून बॅटरीच हलवली. रबरी होज निसटतो का ते बघायला त्याला लोंबकळायचे, आणि एवढं जड माणूस लोंबकळल्यावर तो निसटायचाच. मी चिडायचे. ते शांतपणे उंडा चहात बुडवायचे. एका रविवारी मात्र माझा तोल गेला. विचारलं, मामा, तुम्हाला जायचंय की नाही?

त्यांनी हात पुसले नाहीत. होजचं टोक धरून, माझ्याकडे न बघता बोलले. मेहुणा, म्हणजे आक्काचा नवरा, वारला तेव्हा खाणीचा सीझन जोरात होता. ट्रक सोडून ते गेले नाहीत. दिवसकार्यालाही नाही. नंतर लाज वाटली म्हणून गेले नाहीत, आणि न गेल्याची लाज वाढतच गेली. "खंयच्या तोंडान जाव आता?"

तेव्हाच मी त्यांना हाताला धरून जीपमध्ये बसवायला हवं होतं. आणि मी काय म्हणाले? "त्या टोकाचा क्लॅम्प आवळा, मामा." खरं सांगू? मला त्यांची सवय झाली होती. रविवारी असं हक्काचं माणूस कुठे मिळतं? एकदा आक्काची भेट झाली की मामा माझ्या अंगणात कशाला येऊन बसतील, हा हिशोबही मनात कुठेतरी होता. मेला तो हिशोब!

आमची फिटिंग चालूच होती आणि मामा झोपेतच गेले. राहिलेले क्लॅम्प मी एकटीने आवळले.

बाराव्याला आक्का आली. डोंगर चालत उतरून, बस पकडून. दुपारी तिला वर सोडायला मी जीप काढली. तो चढ लागला. एवढासा तर चढ! इंटरकूलर नसता तरी जीप हसत चढली असती. जन्मभर ट्रक चालवलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं होय?

दारात उतरल्यावर आक्काने जीपचा दांडा सोडला नाही. म्हणाली, "तो माझ्याकडे येवचो होतो मा गे?"

"होय आक्का. माझीच गाडी तयार नव्हती."

तिने दांडा सोडला. "तुया वाईच बेगीन करूक व्हया होता."

"चुकलं माझं, लवकर करायला हवं होतं," मी म्हणाले. मामांना सांभाळून घ्यायला खोटं बोलतेय, असं तेव्हा वाटलं. डोंगर उतरेपर्यंत त्यात खोटं काही उरलं नव्हतं.