अण्णांचं ‘ऊप्स’

आमच्या अण्णांनी जन्मात कधी ‘चुकलं’ म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. इंग्रजीचे मास्तर, सगळी हयात सोलापुरातल्या शाळेत गेली. पोरांना कान धरून ‘चुकलं’ म्हणायला लावायचे, पण स्वतःवर वेळ आली की खाकरायचे आणि पेपर उघडायचे. मीही त्यांचीच लेक, त्यामुळं घरात माघार घ्यायची कुणी, हा प्रश्न कायमचाच.

गेल्या वर्षी आई भाच्याच्या लग्नाला केम गावी गेली आणि इकडं अण्णांनी परसातलं कागदी लिंबाचं झाड तोडलं. मुळांनी भिंत फुटतेय म्हणे! आईनं ते माहेराहून आणून, तांदळाचं धुवण घालून घालून वाढवलेलं. पुढं भिंत उकरली तेव्हा कळलं, मुळं नव्हेत, आतला पाइप गळत होता. झालं! आईनं अण्णांशी बोलणंच टाकलं. ताट वेळेवर, चहा वेळेवर, शब्द नाही. “विचार त्यांना, भाकरी वाढू का,” हे मला, अण्णा समोर बसलेले असताना. अण्णांचं जेवण निम्म्यावर आलं, पण तोंडातून ‘चुकलं’ काही निघेना. मला अस्सा राग यायचा दोघांचा!

मी घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते. तेव्हा केवलप्रयोगी अव्ययं चालली होती. आतून अण्णा ओरडले, “हुर्रा, अलास, ब्राव्हो! एवढी आली की पुरे!” त्यांच्या एका विद्यार्थ्यानं ‘अलास! ही इज डेड’चं भाषांतर ‘तो आळसानं मेला’ असं केलं होतं, तो किस्साही पोरांना परत ऐकवला. मग मी ‘ऊप्स’ घेतलं. पाणी सांडलं, कुणाला धक्का लागला, की म्हणायचं ऊप्स.

अण्णा दारात येऊन उभे राहिले.

“म्हणजे चूक कबूल?”

“हो.”

“आणि पुढं स्पष्टीकरण नाही?”

“काही नाही.”

“शाब्बास! आमच्या व्याकरणात नव्हतं गं हे.”

खरं सांगते, मलाही त्या इंग्रजांचं कौतुक वाटलं. आपल्याकडं चूक कबूल करायची तर नाक घासावं लागतं. यांनी नुसते ओठ गोल करून भागवलंय. काय गुणी शब्द आहे!

दुसऱ्या दिवशी सकाळी आई परसात भांडी घासत होती. अण्णा चहाचा कप घेऊन तिच्या मागं जाऊन उभे राहिले. दोनदा खाकरले. मग म्हणाले, “ऊप्स.”

आई माझ्याकडं वळली. “काय म्हनत्यात हे?”

“चुकलं म्हणतायत, आई.”

आईनं पातेलं खाली ठेवलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडं बघून विचारलं, “मग मराठीत म्हनायला जीभ झडती व्हय तुमची?”



“मराठीत जमत नाही गं मला,” अण्णा म्हणाले. “रोज म्हणून बघतोय.”

 आईनं हात धुतले, पदराला पुसले.

“बरं. आलं ऐकू,” ती म्हणाली. “द्या तो कप हिकडं, च्या गार झाला तुमचा.”