दुसऱ्या भागातला बैल

खऱ्या कलाकृतीचा न्याय काळच करतो, असं म्हणतात. आमच्या व्हिडिओ गेमच्या वेळी काळाला सवड नसावी. तो न्याय देवणीजवळच्या एका गोठ्यात माझ्या मित्राच्या वडिलांनी केला.

मी लातूरला कॉलेजात संगणक शिकवतो, मित्र चित्रं काढतो. दोघांनी मिळून जुन्या टीव्ही-गेमच्या धर्तीवर एक गेम केला होता. ठोकळ्याठोकळ्यांचा एक देवणी बैल उजवीकडे पळतो, खड्ड्यांवरून, विहिरींवरून उड्या मारतो. चुकला की विहिरीत पडून मरतो, चारी पाय वर. मित्रानं तो घरच्याच बैलावरून काढला होता, काळ्या ठिपक्यांसकट. वडिलांनी हे पुतण्याच्या फोनवर पाहिलं.

"पोळ्याला ज्याला पुरणाची पोळी चारायची, त्यालाच दिवसभर हिरीत ढकलून राहिलास व्हय?" एवढं म्हणून त्यांनी मुलाशी बोलणं बंद केलं. जेवायच्या वेळी बायकोला सांगत, "त्याला म्हणावं, ये." तो समोरच बसलेला असे.

गेम बऱ्यापैकी चालला. दुसरा भाग काढा, असे निरोप येऊ लागले. मित्र म्हणाला, "काढू. पण बैल मरणार न्हाई."

"मग चुकल्यावर करणार काय?"

"बसंल. घरचा न्हाई का बसत, औताला जुंपला की?"

वर्षभर खपलो. झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन गोठ्यात गेलो. मित्र दाराशीच थांबला. मी मुद्दाम चुकलो, बैल बसला. वडिलांनी लॅपटॉपवर वाकून बघितलं. मग दाराकडे वळून म्हणाले, "कुत्रं बसल्यावानी बसवलास की रे. बैल आधी पुढचं गुडघं टेकत असतो."

दीड वर्षातलं हे पहिलं वाक्य. चूक काढली म्हणून मित्राइतका खूश झालेला माणूस मी कॉलेजात कधी पाहिलेला नाही. तिथंच कडब्याच्या पेंढीवर बसून त्यानं बैल दुरुस्त केला. वडील शेजारी उभे राहून सांगत होते, आणि मी घरी जायला मोकळा झालो.

पुढं गेम बाहेर पडला. न मरणारा बैल म्हणजे हिंसेला दिलेला शांत नकार, असं एका परदेशी समीक्षकानं लिहिलं. दुसऱ्याला त्यात पूर्वेचं तत्त्वज्ञान सापडलं. नांदेडला आमचा सत्कार झाला. प्रास्ताविक करणाऱ्यांनी आमच्या निर्मितीला युगप्रवर्तक म्हटलं आणि नंतर चहाच्या वेळी, हा गेम पत्त्यांचा आहे का, असं विचारलं.

वडील आता रोज दुपारी दुसरा भाग खेळतात. बैलाला सावकाश पहिल्या खड्ड्यापर्यंत नेतात आणि तिथं उभा करतात. उडीचं बटण मी त्यांना दोनदा दाखवलं.

"बैल कुठं उड्या मारत असतो व्हय, सर," ते म्हणाले.

पहिला खड्डा त्यांनी अजून ओलांडलेला नाही.