मास्तरांचा उजवा पाय

मनिसालेस शहर डोंगराच्या कण्यावर बसलंय. रस्ते दोन्ही अंगांनी खाली सुटतात आणि दुपारी ढग त्याच रस्त्यांनी वर चालत येतो. सपाट जागा म्हणाल तर चर्चपुढचा चौक आणि फुटबॉलचं मैदान. अशा गावात एव्हेलिओ ओकाम्पो सत्तावीस वर्षं गाडी शिकवत होते. त्यांच्या पांढऱ्या गाडीत त्यांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक होता. शिकवायच्या गाडीत असतोच. "ओकाम्पो मास्तरांकडे शिकलेला चढाला भीत नाही," असं लोक म्हणत. मास्तरांनाही ते खरं वाटे.

पहिल्या दिवशी ते गाडी चढावर उभी करून सांगत, "डोळे मिटा. ब्रेक दाबून ठेवा. क्लच हळू सोडा. आवाज जड झाला की गाडीने रस्ता धरला. मगच ब्रेकवरचा पाय काढायचा." बाहेर ढग काचेला टेकलेला असे. आत शिकणारा माणूस डोळे मिटून बसलेला, लांबून कुणी हाक मारील म्हणून कान देऊन बसावं तसा.

एका सोमवारी सकाळी नोराल्बा हिराल्दो मास्तरांच्या ड्रायव्हिंग शाळेच्या दारात उभी राहिली. मास्तरांच्या सहीवर तिला परवाना मिळून अकरा दिवस झाले होते.

"मास्तर, परवाना आला, पण गाडी येत नाही."

"सकाळी सकाळी थट्टा नको, बाई."

"थट्टा? जाऊन भिंतीला विचारा."

नोराल्बा आरोग्य केंद्रात नर्सच्या हाताखाली काम करायची. शेचाळीस वर्षांची. वरच्या वाड्यांवर जीप नेऊन मुलांना लस टोचायचं काम तिला नुकतंच मिळालं होतं. त्यासाठी तिने सोळा वर्षं वाट पाहिली होती. पहिल्याच चढावर जीप मागे आली आणि भिंतीवर आपटून दिवा फुटला. केंद्राचा मुख्य ड्रायव्हर अर्नोबिओ म्हणाला, "शुक्रवारी चढावर गाडी उचलून दाखवा. नाही जमलं तर जीप दुसऱ्याकडे, आणि तुम्ही परत कपाटातल्या बाटल्या पुसायला."

मास्तरांनी तिला तडक बाजारामागच्या चढावर नेलं. तिने गाडी थांबवली, उचलली. गाडी सुरेख वर गेली. तीनदा केलं, तीनदा गेली.

"येते की!"

"तुमच्या गाडीला मी आवडते. जीपला नाही आवडत."

मास्तर खाली उतरले. चाक नेमकं काय करतं ते त्यांना बाहेरून बघायचं होतं. मागच्या चाकाशी त्यांनी मोठा दगड लावला आणि हात हलवला. गाडी मागे सरकली आणि दगडाला टेकून थांबली. मास्तर आत येऊन बसले. गाडी वर गेली. पुन्हा उतरले. पुन्हा दगड.

तिसऱ्यांदा आत बसल्यावर त्यांनी समोर पाहिलंच नाही. खाली पाहिलं. नोराल्बाने ब्रेकवरचा पाय घाईने उचलला, तसा त्यांचा स्वतःचा उजवा पाय त्यांच्या ब्रेकवर अलगद टेकला, गाडीने रस्ता धरेपर्यंत थांबला आणि गुपचूप उठला. बाळाला घास भरवताना आईचं तोंड उघडतं तसा. त्यांना न विचारता.

"बाई, गाडी तुम्ही उचलत नव्हता."

"मग कोण, देवदूत?"

"मी."

नोराल्बाने त्यांच्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "वा! म्हणजे परवान्यावर फोटो माझा आणि पाय तुमचा."

 मास्तरांनी बूट काढून मागच्या सीटवर ठेवले आणि सीटवर मांडी घातली.

"जेवायला बसलात का?"

"हो. वाढा."

एक हात त्यांनी हँडब्रेकवर ठेवला, तेवढाच. त्या दिवशी गाडी एकतीस वेळा मागे आली. मंगळवारी चाळीस वेळा, आणि इंजिन किती वेळा बंद पडलं ते कुणी मोजलं नाही. मास्तरांच्या पिंढरीत गोळा येई. पाय नुसता ठेवणं हे ब्रेक दाबण्यापेक्षा कष्टाचं काम आहे, हे त्यांना साठाव्या वर्षी कळलं. बुधवारी ती रडली, तोंड पुसलं आणि पुन्हा गिअर टाकला.

गुरुवारी दुपारी ढग आला तेव्हा ती चढाच्या मध्यावर होती. तिने क्लच सोडला, आवाज जड झाला, तिने ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी तिथेच राहिली. वर नाही, खाली नाही. ढग काचेवरून खाली वाहत होता, त्यामुळे गाडी उभीच तरंगत वर निघाल्यासारखी वाटत होती. घरं नव्हती, रस्ता नव्हता, फक्त इंजिनाचा खालचा सूर.

"आता?" ती कुजबुजली.

"आता काही नाही. राहा अशीच."

राहिली. मग हलकेच वर गेली. मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. सत्तावीस वर्षं रोज या रस्त्यावर येऊन त्यांनी पायरीवर शेंगा सोलत बसलेली म्हातारी पाहिली नव्हती. ती ढगात कमरेपर्यंत बुडालेली होती आणि सोलत होती.

शुक्रवारी ते चढाच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहिले. जीप आली. मध्यावर नोराल्बाच्या शेजारी बसलेल्या अर्नोबिओने थांबायला सांगितलं. मास्तरांनी हात खिशात घातले. क्षणभर सगळा चढ श्वास धरून राहिला. मग आवाज जड झाला आणि जीप बोटभरही मागे न येता वर गेली आणि ढगात शिरली. नोराल्बाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहायचं कामही नव्हतं. बराच वेळ नुसता आवाज येत राहिला, मग तोही वाड्यांच्या दिशेने विरला.

मास्तर शाळेत परतले. त्या वर्षी ज्यांच्या दाखल्यांवर सह्या केल्या त्यांची यादी काढली. पहिलं नाव हिल्दार्दो बेकरीवाल्याचं. त्याला फोन लावला.

"उद्या सकाळी सहाला या. फी नाही."

"मला येते गाडी, मास्तर! तुम्हीच तर सही केलीत."

"सही मी केली. गाडीही मीच चालवली."

 मग हिल्दार्दो आवाज उतरवून म्हणाला, "तो दवाखान्यामागचा चढ आहे ना... तिथे जरा मागे येते खरी."

"किती?"

"हातभर. कधी दोन हात."

"सहाला या," मास्तर म्हणाले आणि दुसऱ्या नावाचा नंबर फिरवला.